डाग माझ्या काचेवर होता

मित्रांनो, जरा वर बघा. सरकत्या पट्ट्यावरच्या लोखंडी कमानीला उलटा टांगलाय ना, तो मी. चाकणच्या एका कारखान्यातला जुना तपासणी कॅमेरा. आठ वर्षं झाली, मान खाली घालून काम करतोय.

खालून ब्रेकचा पार्ट सरकला की मी फोटो काढतो. माझ्या पोटातला सेन्सर त्याचे लाखो चौकोन करतो आणि कुठला किती उजळ, किती काळा, त्याचा आकडा संगणकाला देतो. काळे चौकोन एका जागी जमले की संगणक म्हणतो, डाग! लाल दिवा लागतो. पण डाग म्हणजे काय, हे मला शिकवलं मंजुळाबाईंनी. आधी हीच तपासणी त्या नुसत्या डोळ्यांनी करायच्या. दोन दिवस माझ्यापुढे एकेक पार्ट धरून सांगत होत्या, "हा चांगला, हा गेला." त्यांचे उपकार मी कसे विसरू?

यंदा खंडेनवमीला त्यांनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं. मी उंचावर, हात जेमतेम पोचला. कपाळ समजून त्यांनी माझ्या काचेच्या कडेलाच बोट टेकवलं. मला केवढा मान वाटला, काय सांगू!

सुट्टीनंतर काम सुरू झालं आणि दर तिसऱ्या पार्टला लाल दिवा लागू लागला. उजळ पार्ट सुटायचा, जरा काळसर असला की अडकायचा. पार्ट बनवत होता नागसेन. तीन वर्षं कंत्राटावर राबलेला, याच महिन्यात कायम होणार होता.

"नागसेन, सुट्टी अंगात मुरली का रे?" सुपरवायझर शेखर कडाडले. "असंच चाललं तर यादीतून नाव काढावं लागेल."

"साहेब, पार्ट चांगलाय. हात फिरवून बघा की."

"मग कॅमेरा खोटं बोलतोय काय?"

नागसेन पुन्हा मशीनकडे वळला. मला दिसत होतं तेच मी सांगत होतो, तरी लाज वाटली हो.

ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकायला आलेली भाग्यश्री संगणकावर माझे तीस फोटो एकाखाली एक लावून बसली होती.

"सर, पार्ट कधी तिरका येतो, कधी सरळ. डाग मात्र जागचा हलत नाही. मग तो पार्टवर कसा असेल?"

ती स्टुलावर चढली, माझ्या काचेवरून फडकं फिरवलं. फडकं लाल झालं.

"अगं बाई! मीच गं लावलं ते," मंजुळाबाई कळवळल्या. "नागसेन, माझ्यापायी बोलणी खाल्लीस रे बाबा."

"असू दे मावशी," तो म्हणाला.

शेखर साहेबांनी बाजूला काढलेले सगळे पार्ट पुन्हा माझ्याखालून सोडले. हिरवा, हिरवा, हिरवा! "चुकलं माझं, भावा," साहेब म्हणाले आणि अहवाल नव्याने लिहायला बसले. नागसेन कायम झाला. भाग्यश्री नसती तर त्या भल्या माणसाचं नुकसान माझ्या माथी आलं असतं. त्या पोरीचं भलं होवो!

मित्रांनो, उद्या तुम्ही इंजिनिअर व्हाल, माझ्यासारखे शेकडो डोळे टांगाल. आम्ही खोटं बोलत नाही, पण आम्हाला चुकीचं दिसू शकतं. माझ्या शब्दावर कुणाची भाकरी काढून घेण्याआधी एकदा माझी काच पुसा.