घोडीच्या पायातली चप्पल

पाणसळीतला बुडबुडा पुन्हा डावीकडेच गेला. फिटरनं पाणसळ उचलली, फुंकर मारली, फिरवून परत टेकवली. बुडबुडा हट्टाला पेटल्यासारखा त्याच बाजूला. शेपटीच्या शेडच्या दाराकडे असलेल्या टोकाला तो मधोमध उभा राहत होता आणि कोपऱ्याकडच्या टोकाला सरकत होता. एक टोक सरळ, दुसरं तिरकं, म्हणजे शेपटीला पीळ पडला होता.

शेपटी विमानाची होती. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं फिटर घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान बांधत होता. गल्लीत त्याला पायलट म्हणत. "काय पायलट, उड्डाण कधी?" असं विचारणारी निम्मी माणसं एव्हाना स्वतःच वर गेली होती. विमान होतं तिथंच होतं.

पत्रे जोडणारे रिव्हेटचे खिळे मारायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून रिव्हेटची बंदूक चालवायची आणि दुसऱ्यानं आतल्या बाजूनं लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. अकरा वर्षं तो ठोकळा बायकोनं धरला. गेल्या वर्षी विमानखात्याचा तपासनीस येऊन गेला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "सगळं एकट्यानं केलंत?" फिटर म्हणाला होता, "एकट्यानं." बायको चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी होती. तिनं फक्त साखर किती, एवढंच विचारलं.

तिला जाऊन पाच महिने झाले होते. आता बंदूकही त्याची आणि ठोकळाही त्याचाच. शेपटी हलणार नाही अशी कुणीतरी धरायला हवी, म्हणून त्यानं स्टँड करायला घेतला. लोखंडी पाइपचे दोन उंच खांब, एकेका टोकाला एक. वर शेपटीच्या आकाराची लाकडी खोबण, तिला आतून जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या. एक बोल्ट सैल केला की शेपटी कुशीवर वळवता यायची. तीन आठवडे तो त्यासाठी राबला आणि मग शेपटी त्याच्यावर चढवली. इतकं मन लावून त्यानं कारखान्यातही काही केलं नसेल.

स्टँडला जागा करताना त्यानं दोन जुन्या लाकडी घोड्या बाहेर काढल्या. इतकी वर्षं शेपटी त्यांच्यावरच आडवी असायची. कोपऱ्यातल्या घोडीच्या एका पायाखाली बायकोची रबरी चप्पल होती, चेपून दगडासारखी झालेली. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा त्यानं बायकोची चेष्टा केली होती. "घोडीला चप्पल? मग बाकीच्या पायांनाही घाल की, अनवाणी राहतील बिचारे." ती म्हणाली होती, "अहो, राहू द्या. करकर वाजते ती." ती एकटी चप्पल त्यानं उचलली आणि लेक बायकोचे कपडे न्यायला आली होती, तिच्या पिशवीत टाकली.

लेकीला त्यानं शब्द दिला होता. गुरुवारी तपासनीस शेपटी बघायला येणार. ती पास झाली तर तो इथंच राहून विमान पुरं करील. नाही झाली तर शेडला कुलूप लावून मुकाट्यानं तिच्याकडे राहायला जाईल.

त्यानं लेकीला फोन लावला.

"पीळ आहे," तो म्हणाला.

"कशाला?"

"शेपटीला. तुझ्या आईच्या हातून पडलाय. शेवटी शेवटी तिच्या हातात जोर नव्हता. दमले म्हणून सांगायचं तरी. ठोकळा कसाबसा धरला आणि माझ्या कामाचा बट्ट्याबोळ करून ठेवला."



"बाबा, ती आता उत्तर द्यायला नाहीये," लेक म्हणाली. "मी उद्या येते."

फोन ठेवला तरी त्याचा राग उतरला नाही. तो तसाच ड्रिल घेऊन बसला. शेवटची एक ओळ बायकोच्या आजारपणातली होती, अडतीस रिव्हेटची. ती काढायची, पत्रा मोकळा करायचा, सरळ धरून पुन्हा मारायची. एकेका रिव्हेटचं डोकं फिरून सुटत होतं आणि टिचकन फरशीवर पडत होतं. नेहमी तो असं काम बेतानं करायचा, पण त्या दुपारी ड्रिल नुसतं रेटत होता. नऊ ठिकाणी ड्रिल घसरलं. भोकं लांबट झाली, आता त्यांत रिव्हेट घट्ट बसणार नव्हता. पत्रा गेला, तो जिच्यावर बसतो ती आतली पट्टीही गेली, हे त्याला तिसऱ्याच भोकाला कळलं होतं, तरी तो थांबला नाही. ओळ पूर्ण निघाली. त्यानं पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा जिथं होता तिथंच होता. हे कसं, ते त्याच्या डोक्यात शिरेना. तो स्टुलावर नुसता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. तिनं शेपटीकडे पाहिलं, बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बादली भरून आणली.

"पाच महिन्यांत फरशीला पाणी लागलेलं दिसत नाही," ती म्हणाली आणि दारातून पाणी ओतलं.

पाणी निघालं. धूळ, लोखंडाचा कीस आणि कालची रिव्हेटची डोकी घेऊन ते सरळ पलीकडच्या कोपऱ्यात गेलं आणि स्टँडच्या पायाशी साचलं.

"हे तिकडं का जातंय?" फिटरनं विचारलं.

"नेहमीच जातं. कोपरा खचलाय तो. आई म्हणायची, झाडलं तरी कचरा तिथंच आणि पुसलं तरी पाणी तिथंच."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली होती. मी इथंच होते. तुम्ही म्हणालात, ही फरशी मी घातलीये, गोटी ठेवली तर हलायची नाही. मग ती गप्प बसली आणि घोडीखाली चप्पल सारली."

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. इथं अंगणच वाकडं होतं आणि त्यानं बोल लावला होता नाचणारीला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं पाणसळीत बसवणारा माणूस, स्वतःच्या शेडची फरशी त्यानं एकदाही तपासली नव्हती. स्टँडचा खांब खचल्या बाजूला कलला होता, आणि अर्धवट उघडी, हलकी शेपटी त्याच्याबरोबर वळली होती. 

"ती चप्पल कुठंय?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच पिशवीत टाकलीत. एकटीच होती, कुणाला देणार? मी फेकून दिली."

लेकीनं आपल्या उजव्या पायातली चप्पल काढली आणि कोपऱ्यात जाऊन खाली वाकली.

"उचला जरा," ती म्हणाली.

त्यानं खांब बोटभर उचलला. तिनं चप्पल आत सारली. त्यानं खांब खाली सोडला आणि पाणसळ ठेवली. बुडबुडा हलला, रेंगाळला आणि मधल्या रेघेला टेकून थांबला.

"आईची जाड होती," लेक म्हणाली.

"पुरे एवढं." तो म्हणाला. "पीळ नव्हता गं. तिचा हात सरळ होता. मी काय काय बोललो."

खोटं खोटं समाधान करणं लेकीला आईसारखंच जमत नसे.

"तपासनिसाला कळव, गुरुवारी येऊ नका म्हणून," तो म्हणाला.

"दुसरा पत्रा आणता येईल, बाबा."

"पत्रा येईल." त्यानं लांबट भोकांवरून अंगठा फिरवला. "सामान न्यायला गाडी सांग."

मग तो गुडघे टेकून कोपऱ्यातल्या पाण्यात बसला. रिव्हेटची डोकी बारीक होती, बोटांतून निसटत होती. एकेक वेचून तो शर्टाच्या खिशात टाकू लागला. लेक एका पायात चप्पल आणि एक पाय ओल्या फरशीवर, अशी दाराशी वाट पाहत राहिली. पाण्याला सिमेंटचा गारवा होता.

"बाबा, चला आता. कपडे भिजलेत सगळे."

"सदतीस झाली," तो म्हणाला. "एक राहिलंय."