डाव्या बगलेची जागा

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. आमच्या शहराला त्या वर्षी कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. आधी घाटात दरड कोसळली, मग भूकंपाचे हादरे, मग वादळ. आणि त्यातच आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाने आख्खा हंगाम खेळून काढला.

मी कॉलेजच्या क्रीडाभांडारात कामाला होते. चेंडूंची पंक्चरं काढायची, ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, जर्सींना टाके घालायचे. पोरं मला ताई म्हणत. डाव्या बगलेला खेळायचा तो माझा मावसभाऊ. एका जागी ठरायचा नाही म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत. मावशीचा एकुलता एक. काका तो लहान असतानाच गेले होते.

पहिल्या सामन्याला यायला म्हणून भिंगरी ट्रकने घाट उतरत होता, तेव्हा दरड आली. ट्रक सापडला, ड्रायव्हर सापडला, भिंगरी नाही. कुणीतरी म्हणालं, तो वरच्या नाक्यावर चहाला उतरला होता म्हणे. त्या एका 'म्हणे'वर मावशी तग धरून राहिली.

कप्तानाने सगळ्यांना भांडारात गोळा केलं. कामाचा राखीव खेळाडू एकच होता. कायम बाकावर असायचा, म्हणून त्याचं नाव पाहुणा.

"पाहुण्याला उतरवला तर मावशीला काय वाटेल?" कप्तान म्हणाला. "पोराचा पत्ता नाही आणि यांनी जागा भरलीसुद्धा! आपण दहा जण खेळायचं. डावी बगल मोकळी ठेवायची."

"अकरा असताना तुम्ही काय दिवे लावता ते बघतोय मी," आमचे खेळाचे मास्तर म्हणाले. पण डोळे पुसत तेही कबूल झाले. पाहुणा बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

दहा जणांत खेळायचं म्हणजे प्रत्येक सामन्यात जीव टांगणीला. पहिला एका गोलाने जिंकलो, तोही शेवटच्या घटकेला. दुसऱ्यात खेळ रंगात आला असतानाच जमीन हलली. लोक सैरावैरा पळाले, गोलचे खांब थरथरले आणि त्या गोंधळात चेंडू आमच्या जाळ्यात गेला. हादरा थांबल्यावर आमचा गोलकीपर, त्याला कुलूप म्हणत, उठून रेफ्रीला म्हणाला, "साहेब, मघाचा गोल भूकंपाच्या खात्यावर टाका." सामना बरोबरीत सुटला. वादळानंतर मैदानाच्या निम्म्या भागात बेघरांचे तंबू लागले, तेव्हा पोरं दिवसभर पत्रे उचलायची आणि संध्याकाळी सराव करायची. तिसरा सामना परक्या मैदानावर पुन्हा एकाच गोलाने जिंकलो.

मावशी प्रत्येक सामन्याला यायची. डाव्या रेषेलगत स्टूल टाकून त्या मोकळ्या गवताकडे बघत बसायची. चेंडू कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. दिवसेंदिवस तिच्या चेहऱ्यावर तजेला येत होता. मला बरं वाटायचं. मग एकदा घरी गेले तर ती भिंगरीच्या शर्टांना इस्त्री करत होती, आणि चुलीवर दोघांपुरता भात होता.

शेवटच्या सामन्यापर्यंत मैदानावरचे तंबू उठले होते. तो जिंकला तर करंडक आमचा. मध्यंतराला एक-एक. पोरं भांडारात भिंतीला टेकून धापा टाकत होती. कुलपाच्या कोपरातून रक्त येत होतं, मी पट्टी बांधत होते. तेवढ्यात मावशी आत आली.

"कप्तान, खरं सांग. त्याची काही खबर आहे तुमच्याकडे?"

"नाही, मावशी."

"पोलिसांनी काही कळवलंय? मला धक्का बसेल म्हणून लपवताय?"

"शपथेवर नाही."

"मग जागा का धरून ठेवलीय?"

कप्तानाची मान खाली गेली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

मावशी मटकन बाकावर बसली. "अरे मेल्यांनो," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे! तुमच्याकडे बघून मी रोज दोन ताटं घेतेय."

बाहेर रेफ्रीची शिट्टी झाली. मावशीने खुंटीवरची भिंगरीची जर्सी काढली, पदराने तोंड पुसलं आणि जर्सी पाहुण्याच्या अंगावर टाकली.

"घाल. आणि पळ जरा. बसून बसून पोट सुटलंय तुझं."

पाहुणा रडत रडतच मैदानात उतरला आणि जीव तोडून पळाला. तरी आम्ही हरलो, एका गोलाने. मावशीने सामना शेवटपर्यंत पाहिला, या वेळी चेंडूकडे बघत. मग मला म्हणाली, "चल, घरी हात लाव जरा." आम्ही दोघींनी भिंगरीची गादी गुंडाळली. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

कप्तान पुढे बांधकाम खात्यात लागला आणि घाटाच्या रस्त्याला भिंती बांधत म्हातारा झाला. कुलपाने सायकलचं दुकान काढलं. गेल्या वर्षी तो वारला. मास्तर दुसऱ्या कॉलेजात गेले, पुढचं ठाऊक नाही. पाहुण्याशी मी लग्न केलं. पोटावरून त्याला आयुष्यभर बोलणी बसली, ती माझी. भिंगरी सापडला नाही. मावशी शेवटची वर्षं आमच्याकडेच होती. नवं कुणी विचारलं, मुलं किती, तर ती सरळ सांगायची, "एक होता. दरडीत गेला." आणि समोरचा अवघडून उभा राहिला की स्वतःच त्याला बसायला सांगायची.