तीनशे चाळीस पोती

सलग चार रविवार साठ-सत्तर माणसं नदी साफ करायला उतरली, ती वहिनीच्या जिभेमुळे. वहिनी कपडे शिवायची. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. माप घेता घेता ती बायकांना गळ घालायची, "रविवारी ये गं, दोनच तास. नदी काही तुझं सासर नाही, कंटाळा आला की निघून जा." बायका येत आणि येताना नवऱ्यांनाही ओढून आणत.

तिच्या जिवाला खरा घोर होता नणंदेचा. काठावरच्या सखल आळीत नणंदेची एक खोली. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, उजवं अंग लुळं. आळीच्या खालच्या अंगाला पूल होता. पुलाखालून पाणी जायला तीन मोऱ्या, आणि तिन्ही प्लास्टिकनं, फाटक्या गाद्यांनी बुजलेल्या. गेल्या पुरात पाणी तुंबून नणंदेच्या उंबऱ्याला लागलं होतं. म्हणून सफाई मोऱ्यांपासूनच सुरू झाली. चौथ्या रविवारी तिन्ही मोऱ्यांतून पलीकडचा उजेड दिसला, तेव्हा लोकांनी चिखलाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. काठावर रचलेली पोती वहिनीनं स्वतः मोजली. तीनशे चाळीस.

"सोमवारी सकाळी गाडी पाठवतो," पालिकेचा मुकादम म्हणाला होता.

सोमवार गेला. मंगळवारही गेला. बुधवारी दुपारी दोन वाजता भोंगा लावलेली रिक्षा आळीतून फिरली. वर डोंगरात धो धो पाऊस होता, धरणातून पाणी सोडणार होते, पाचपर्यंत नदी काठाला लागेल म्हणे.

वहिनीनं काठावरच्या पोत्यांकडे पाहिलं. सुटा कचरा थोडाफार वाहून तरी गेला असता. ही गच्च बांधलेली पोती म्हणजे मोऱ्यांना आयतं बूच.

तिनं पालिकेत फोन लावला. "साहेब बैठकीत आहेत."

"मग दुसऱ्या साहेबांना द्या."

"ते पण त्याच बैठकीत आहेत."

मुकादमाला लावला, तर तो म्हणाला, "वहिनी, गाड्या वरच्या वस्तीतली माणसं हलवायला गेल्यात. उद्या नक्की."

"उद्या येऊन काय पूर उचलणार?" ती ओरडली, पण फोन बंद झाला होता.

मग तिनं रविवारच्या साठ जणांना निरोप धाडले. कुणी कामावर होतं, कुणाच्या पोरांची परीक्षा होती. बऱ्याच जणांनी 'सांभाळून हं' एवढंच लिहिलं. आला एकटा कोपऱ्यावरचा म्हातारा चावीवाला. "दुकानाला कुलूप घातलंय," तो म्हणाला, "पण पाणी काही किल्ली मागत नाही."

नणंद दारात घुटमळत होती. "वहिनी, आधी यांना हलवूया का?"

"ताई, पोती हलली तर भाऊजींना हलवायची वेळच येणार नाही. तीनच माणसं आहोत. आधी पोती."

नणंदेनं आत एकदा बघितलं आणि दार ओढून घेतलं.

काठापासून रस्त्यापर्यंत बावीस पायऱ्या. भिजलेलं पोतं दोघांनी धरलं तरी हात खांद्यातून निखळतील असं वाटे. वहिनी मोठ्यानं मोजत होती. चाळीस. साठ. नणंदेच्या तळहातांची सालटी निघाली. चावीवाला प्रत्येक पायरीवर बसायला लागला, तरी "झालं, आलोच" म्हणत उठायचा.

एक्क्याण्णवावं पोतं वर गेलं आणि वहिनीनं मागं वळून पाहिलं. लाट वगैरे काही नव्हती. खालच्या रांगेतली पोती नुसती हलायला लागली होती. ती धावत खाली गेली, गुडघाभर पाण्यात शिरून एका पोत्याला तिनं मिठी मारली. दुसरं तिच्या पाठीवर आदळलं. चावीवाल्यानं तिची वेणी धरून तिला मागं ओढलं.

"सोड ते, बाई! सोड!"

पोती एकामागून एक निघाली. पहिली मोरी बंद झाली, मग मधली. पाणी पुलाशी अडलं, फुगलं आणि आळीकडे वळलं.

तिघं नणंदेच्या घरी पोचली, तोवर आत पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. खाट जागची हलली होती, आणि भाऊजी डाव्या हातानं खिडकीचा गज धरून पडले होते. त्यांना खांद्यावर घेणं तिघांच्याही आवाक्यातलं नव्हतं. चावीवाल्यानं खोलीचं दार चाचपलं, बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या आणि दार उतरवलं. त्यावर भाऊजींना सरकवलं.

"मला... इथंच ठेवा. जा तुम्ही," ते अडखळत म्हणाले.

"गप्प बसा," नणंद म्हणाली. "जन्मभर तुमचं ऐकलं नाही, ते आज ऐकू होय?"

छातीभर पाण्यातून त्यांनी ते दार शाळेपर्यंत नेलं. वरच्या मजल्यावरच्या वर्गात बाकं जोडून भाऊजींना निजवलं. त्यांच्या छातीत पाणी गेलं होतं, खोकला थांबत नव्हता. डॉक्टर संध्याकाळी येऊन तपासून गेला. "दोन दिवस बघू. आत्ताच काही सांगता येत नाही." नणंद नवऱ्याचे पाय चोळत बसली.

गुरुवारी पाणी उतरलं. दुपारी बारा वाजता कचऱ्याची गाडी आली. ड्रायव्हरनं रस्त्यावरची पोती भरली. "कागदावर तीनशे चाळीस आहेत. बाकीची?"

वहिनीनं पुलाकडे बोट दाखवलं.

"पाण्यातलं आमच्याकडे येत नाही. ते खातं वेगळं. इथं सही करा."

तिनं सही केली. मग घमेलं घेऊन ती नणंदेच्या खोलीत गेली. गुडघाभर गाळ, आणि वर तिचंच एक पोतं फुटून पसरलेलं. चार रविवारांत हातानं वेचलेल्या पिशव्या, बाटल्या, चिंध्या आता भाऊजींच्या खाटेवर पडल्या होत्या. ती वाकून भरायला लागली.

नणंद कपडे न्यायला आली होती. दारात थांबली.

"ताई, मी म्हणाले होते, आधी पोती," वहिनी म्हणाली.

"राहू दे, वहिनी," नणंद म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वहिनीला सोसवेना. "तू आता माझं काही साफ करू नकोस."

कोरडं काहीच उरलेलं नव्हतं. नणंद रिकाम्या हातानं शाळेकडे परत गेली. वहिनी बराच वेळ तिथंच उभी राहिली, घमेलं धरून, कारण ते ठेवायलाही कोरडी जागा नव्हती.