मातीवर जायचा दिवस

मातीवर जायचा दिवस असला की ड्युएनच्या आवारात कुणी कुणाला ‘सांभाळून’ म्हणत नाही. बायकोनं नवऱ्याला मिठी मारायची नाही, आईनं फोन करायचा नाही, पडण्या-मोडण्याच्या गोष्टी काढायच्या नाहीत. जखमी माणसाला आडवं घालून न्यायची फळीसुद्धा त्या दिवशी कुंपणामागे ताडपत्रीखाली झाकून ठेवतात, जाणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. हवेत उलटं लटकलेलं असताना डोक्यात एक शंका आली तरी तेवढी पुरते, असं ड्युएन म्हणतो. आणि जुन्या पडण्यापासून ड्युएनच्या कमरेत सळ्या आहेत, तेव्हा त्याचं सगळे ऐकतात.

नोरीननंही सकाळपासून तोंडातून ब्र काढला नव्हता. पिकअपच्या मागच्या फळीवर बसून ती छोट्या लेकीला, टिलीला, केळं भरवत होती आणि समोर पुरुषांचं चाललेलं बघत होती. ड्युएन, मर्फी आणि तिचा नवरा क्लिंट, तिघं मिळून लोखंडी रॅम्प ढकलत फोमच्या खड्ड्यासमोरून मातीच्या उतारासमोर नेत होते. टेकड्यांवर अजून ऊन पोचलं नव्हतं. ऊन वर आलं की वाळवंटाकडून वारा सुटतो, मग संध्याकाळपर्यंत काही करता येत नाही, म्हणून सगळ्यांची घाई.

क्लिंट सहा महिने उलटी कोलांटी शिकत होता. मोटारसायकलसकट. रॅम्पवरून वर जायचं, डोकं मागे टाकून हँडल पोटाशी ओढायचं, आणि आख्खं धूड घेऊन हवेत एक पुरा फेरा मारून पलीकडे उतरायचं. सुरुवात फोममध्ये. खड्डा म्हणजे फळ्यांची मोठी पेटी, तिच्यात गाद्यांच्या फोमचे हजारो तुकडे. त्यात कसंही पडा, हाडं शाबूत राहतात. पडलं की क्रेननं गाडी वर काढायची, फोम हातांनी उपसून भुसभुशीत करायचा, पुन्हा वर जायचं. फोममध्ये सारखी जमायला लागली की मातीवर. वसंतात मोठ्या स्टेडियममधला खेळ होता, आणि ज्याला ही कोलांटी येत नाही त्याला आता कुणी बोलावत नव्हतं.

“टेप धर रे,” ड्युएन ओरडला. रॅम्पच्या वरच्या कडेपासून उतारापर्यंतचं अंतर त्यानं फोमपाशी मोजलं होतं, तेच इथं पुन्हा मोजलं. “तंतोतंत. गियर तोच, इंजिनाचा आवाज तोच, अंतर तेच. तू फक्त काल केलंस तेच कर.”

“काल मी नाश्त्याला तीन बरिटो खाल्ले होते,” क्लिंट म्हणाला.

“मग आजही खा. नाहीतर रॅम्प मागे घ्यावा लागेल,” मर्फी म्हणाला. तो पोरगेलासा, सगळ्यांत वात्रट. क्लिंट हसला. ते हसणं नोरीनला ओळखीचं होतं. लग्नात शपथ घेतानाही तो असाच ओठ न उघडता हसला होता.

काल संध्याकाळच्या शेवटच्या उडीत तिला काहीतरी खटकलं होतं. काय ते कळत नव्हतं. कोलांटी छान झाली होती, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या. पण ते सकाळपर्यंत तिच्या मनातून गेलं नव्हतं. आणि सांगणार कुणाला? तिची पत आधीच गेली होती. दोन आठवड्यांपूर्वी मातीवर जायचं ठरलं तेव्हा तिनं वाऱ्याचं कारण काढलं. पुढच्या वेळी टिलीचं अंग गरम लागतंय म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळी तर नुसतंच, मला बरं वाटत नाहीये. “नोरी,” क्लिंट तेव्हा हसून म्हणाला होता, “तुझ्या हवामान खात्याला कधी सुट्टी नसते का गं?” हसला होता, पण त्या रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपला होता. तेव्हा आताही हे आपल्याच मनाचे खेळ नसतील कशावरून, असं तिला वाटत होतं. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस.

टिलीनं केळं संपवलं, पायातला बूट काढला आणि दुडूदुडू जाऊन खड्ड्यात फेकला. हा तिचा रोजचा खेळ. नोरीन उठली, खड्ड्याच्या फळीवर पोट टेकवून खाली वाकली आणि बुटाकडे हात लांबवला.

हात पोचेना.

ती टाचा उंचावून आणखी वाकली. तरी बोटांत आणि बुटात चांगलं वीतभर अंतर राहिलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि ती तशीच वाकलेली राहिली. शरद ऋतूत हाच बूट ती उभ्या उभ्या उचलायची. तेव्हा फोमचा ढीग फळीच्या वर आलेला असायचा, टिलीला त्यावर अलगद बसवता यायचं. तेव्हा क्लिंट फोममध्ये पडला की त्याचं हेल्मेट, खांदे, हँडलसुद्धा बाहेर दिसायचं. काल संध्याकाळी तो फळीआड गेला तो पुरताच दिसेनासा झाला होता. ते खटकलं होतं तिला.

फोम रोज दबत होता. तुकड्यांचा चुरा होऊन वाऱ्यावर उडत होता, कुंपणाला पिवळा भुसा लटकलेला होता. हे काय कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. नवा फोम पुढच्या हंगामात घ्यायचा, असं ड्युएन दर आठवड्याला म्हणायचा. पण मोजताना सगळे अंतर मोजत होते. उंची कुणी मोजत नव्हतं. क्लिंट दिवसेंदिवस जास्त खाली पडत होता, म्हणजे जास्त वेळ हवेत राहत होता, आणि कोलांटीचा शेवटचा तुकडा त्या जादा वेळात आपोआप पुरा होत होता. मातीचा उतार काही खाली सरकलेला नव्हता.

तिनं टिलीला काखेत मारलं आणि ड्युएनला गाठलं.

“खड्डा बसलाय,” ती म्हणाली.

“बसणारच. फोम आहे, सिमेंट नाही.”

“तसं नाही. इकडे ये. हात घालून बघ.”

“नोरीन,” ड्युएननं आवाज खाली आणला, “आज नाही. तुला जे काही वाटतंय ते आजच्या दिवस गिळून टाक. तो तयार आहे. त्याच्या डोळ्यांत बघ.”

“मी त्याच्या डोळ्यांत बघत नाहीये, मी खड्ड्यात बघतेय. काल तो तुला दिसला का आत पडल्यावर?”

ड्युएन वळला. लंगडत खड्ड्यापाशी गेला, फळीच्या कडेवर कोपर ठेवलं, आत बघितलं. मग मान वळवून मातीच्या उताराच्या माथ्याकडे बघितलं. मग पुन्हा आत.

“असेलही,” तो म्हणाला. “पण नसेलही. माती वेगळी, फोम वेगळा, तिथं माणूस आपोआप जास्त ओढतो. मी आता जाऊन त्याला म्हटलं की बाबा तुझी कोलांटी कदाचित अपुरी पडेल, तर वर गेल्यावर तो तेवढाच विचार करेल. तेच त्याला मारेल. कळतंय का तुला?”

“आणि नाही सांगितलं तर?”

ड्युएननं चेहऱ्यावरून हात फिरवला. “तू बायको आहेस त्याची,” तो म्हणाला. “मी सांगणार नाही. तुला अडवणारही नाही.”

तिकडे क्लिंटनं गाडी सुरू केली होती. कोलांटीच्या आधी दोन साध्या उड्या मारायच्या, हात बसवायचा, मग गाडीच्या टाकीवर थाप मारायची. ती थाप म्हणजे आता खरी उडी. पहिली साधी उडी झाली. गाडी उतारावर लोण्यासारखी उतरली. मर्फीनं शिट्टी घातली. नोरीन मनाशी तोलत होती. सांगितलं तर शंका, न सांगितलं तर माती. आणि शंका तरी खरी असेल कशावरून? चौथ्यांदा लांडगा आला रे केलं, आणि मग तो रागाच्या भरात वर गेला, तर? राग काय शंकेपेक्षा बरा?

दुसरी उडी झाली. क्लिंट वळून धावपट्टीच्या टोकाला गेला, गाडी फिरवली, आणि टाकीवर थाप मारली.

तिनं टिलीला ड्युएनच्या हातात दिलं आणि ती चालत जाऊन धावपट्टीच्या मधोमध उभी राहिली.

असं कुणी करत नाही. मर्फीची शिट्टी अर्ध्यात थांबली. गाडी तिच्यासमोर येऊन थांबली तेव्हा इंजिनाची धग तिच्या गुडघ्यांना लागत होती. क्लिंटनं चष्मा वर केला.

“बाजूला हो.”

“एकदा खड्ड्यात हात घाल. मग जा.”

“नोरी, बाजूला हो. मी मातीवर आहे. कळतंय का तुला मी कुठे आहे आत्ता?”

“कळतंय.”

“वारा नाहीये. पोरीला ताप नाहीये. आता काय?”

“फोम बसलाय. तू मातीच्या उतारापेक्षा कमरेइतकं खाली पडतोयस आणि त्या वेळात तुझं चाक फिरून येतंय. इथं तेवढा वेळ नाहीये. मी चुकत असेन तर परत ये आणि मार उडी, मी पिकअपमध्ये जाऊन बसेन, टिलीची शपथ.”

क्लिंटनं इंजिन बंद केलं. उतरला, गाडी मर्फीच्या अंगावर टाकल्यासारखी दिली, आणि ताडताड खड्ड्यापाशी गेला. फळीवर वाकला, हात खाली सोडला. टिलीचा बूट खाली होता. क्लिंट उंचापुरा, तरी त्याचीसुद्धा बोटं नुसती फोमला टेकली. तो तसाच लोंबकळत राहिला. मग ड्युएनकडे न बघताच म्हणाला, “तुला माहीत होतं?”

“आत्ता कळलं,” ड्युएन म्हणाला.

“आणि?”

टिली ड्युएनच्या दाढीचे केस ओढत होती.

त्या दिवशी मातीवर कुणी गेलं नाही. दुपारपर्यंत फोम उपसला, पलीकडच्या घोडेवाल्याकडून वाळल्या गवताच्या गाठी आणून तळाला रचल्या, वर फोम पसरला. उतारावर काठी, खड्ड्यात काठी, मध्ये ताणलेली दोरी. दोन्ही एका उंचीला आणून, संध्याकाळी वारा पडल्यावर क्लिंट गाडीवर बसला. कालच्यासारखीच उडी, कालचाच गियर, कालचाच आवाज. गाडी उलटी झाली, फिरली, आणि फिरता फिरता फोम आला. गाडी नाकावर आपटली, पुढचं चाक आत रुतलं आणि मागचं चाक आकाशाकडे तोंड करून गरगरत राहिलं. क्लिंट हँडलवरून पुढे फेकला जाऊन डोक्यावर पडला होता. फोम होता म्हणून उठून बसला.

कुणी शिट्टी मारली नाही. मर्फी क्रेनचा दोर सोडायला विसरून उभाच राहिला.

ड्युएन नोरीनजवळ येऊन म्हणाला, “वाचवलंस.” हे बघून क्लिंट कोलांटीचा नाद सोडून देईल, अशी तिला आशा होती. तेवढ्यासाठी तिनं देवाचं नावही घेतलं होतं, जे ती एरवी घेत नाही. पण क्लिंट फोम झटकत बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हरल्याची खूण नव्हती. काय चुकतंय ते कळलेल्या माणसाचा चेहरा होता तो. आणि ते त्याला तिनंच आणून दिलं होतं.

त्यानंतर तो पुन्हा पहिल्यापासून शिकला. लवकर ओढायचं, मान आणखी मागे टाकायची, जमीन शोधायला डोळे आधी पोचले पाहिजेत. प्रत्येक उडीनंतर खड्ड्यातूनच ओरडायचा, “नोरी, कुठे होतं चाक?” कारण बाजूनं बघणारी तीच एक होती. ती खरं सांगायची. कमी पडलं. अजून कमी. हं, आता जरा बरं. एकदा तिच्या मनात आलं, रोज ‘कमी’ म्हणत राहिलं तर वसंत उलटून जाईल. ती रात्रभर त्या विचाराशी खेळली आणि सकाळी त्याच्याकडे बघवलं नाही तेव्हा तो विचार टाकून दिला. त्याला एकदा खोटं सांगितलं की पुन्हा खरं सांगूनही उपयोग नाही.

एका संध्याकाळी दोन्ही चाकं एकदम फोमला टेकली. त्याच्या पाठोपाठ पुन्हा तशीच. क्लिंटनं विचारलं नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं.

“जमतंय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रॅम्प मातीपाशी होता. जखमींची फळी ताडपत्रीखाली होती. कुणी कुणाला सांभाळून म्हटलं नाही. ड्युएननं टिलीला कडेवर घेतलं आणि नोरीन उताराच्या बाजूला, जिथून चाकं दिसतात तिथं, एकटी उभी राहिली. एक साधी उडी. दुसरी साधी उडी. टाकीवर थाप.

डोळे मिटायचे नाहीत एवढंच तिनं ठरवलं होतं. गाडी रॅम्पवरून सुटली, नाक वर, आणखी वर, मग सगळं उलटं झालं आणि आवाज पातळ झाल्यासारखा वाटला. त्याचं डोकं मागे पडलेलं होतं. त्याची हनुवटी उताराकडे वळलेली तिला दिसली. मग माती. मागचं चाक आधी आदळलं, गाडी शेपटीवर बसल्यासारखी झाली, पुढचं चाक हवेत डगमगलं, क्लिंटचा एक पाय सुटला आणि पुन्हा बसला. धुळीचा लोट उठला. लोटातून तो सरळ चालवत बाहेर आला.

मर्फी नाचत होता. ड्युएन टिलीला घेऊन खालीच बसला होता. क्लिंट मात्र थांबला नाही. पहिली बसली की लगेच दुसरी मारायची, अंग थंड व्हायच्या आत, नाहीतर पहिली नशिबानं झाली असं मनात घर करतं. नोरीनला हे माहीत होतं, पण आज त्याचा तिला विसर पडला होता. ती एकाच उडीपुरती तयारी करून आली होती.

धावपट्टीच्या टोकाला गाडी फिरवून त्यानं चष्मा वर केला आणि लांबून तिच्याकडे बघत राहिला. थाप मारेना. तिनं डोळ्यांसमोर मागचं चाक पुन्हा आणलं, ते किती आधी टेकलं, फेरा किती जादा झाला ते पाहिलं. मग हात वर केला आणि तळवा खाली दाबून त्याला खूण केली: जरा कमी ओढ.

त्यानं मान हलवली, चष्मा खाली घेतला आणि टाकीवर थाप मारली.