चाकांना मुशीचं तेल

नव्या अलॉय चाकाच्या आऱ्यांमधून ब्रेकची डिस्क दिसत होती. तिच्या कडेला बोटभर रुंदीचा गंज होता. रंग नारिंगीकडे झुकणारा, म्हणजे ताजा. जुन्या चाकांना प्लॅस्टिकची झाकणं होती, म्हणून तो आजवर दिसला नव्हता. आमची गाडी हायब्रिड. वेग कमी करताना ती बहुतेक वेळा मोटरच्या जोरावरच मंदावते आणि तेवढ्यात बॅटरी भरून घेते, खरा ब्रेक क्वचितच लागतो. आणि रेवदंड्याच्या हवेत न वापरलेलं लोखंड रातोरात रंग बदलतं.

विनेशचं तिकडे लक्षच नव्हतं. पंधरा इंचांची चाकं काढून सतराची बसवून आणल्यापासून तो गाडीभोवती फिरत होता. पुढून बघ, मागून बघ, पुन्हा पुढून.

"मायलेज पडेल," मी म्हटलं.

"पडू दे. रुबाब बघ ना."

मी घड्याळ बघत होते. संध्याकाळी मुरूडहून होडीचं गिऱ्हाईक, गुणाजी, येणार होते, होडी विकणार की नाही ते विचारायला. बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, गुडघा गेल्यापासून होडी किनाऱ्यावरच उभी आहे. "तू नेणार असशील तर ठेवतो, नाहीतर लाकूड चांगलं हाय तवर देऊन टाकू," असं बाबा विनेशला कधीचे विचारतायत. विनेश आधी म्हणाला, गणपती होऊ द्या. मग म्हणाला, गाडी येऊ द्या. मग चाकं.

तो आंघोळीला गेला. मी चहा ठेवला आणि बाहेरून ओळखीचा उग्र वास आला. मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल. नारळी पौर्णिमेच्या आधी दरवर्षी बाबा ते होडीला चोळतात. डबा त्यासाठीच राखलेला असतो.

बाहेर बाबा पाय लांब करून चाकाशी बसले होते. हातात चिंधी, बाजूला रिकामा डबा.

"बाबा, कुठं कुठं लावलंत?"

"गंज चढला व्हता, पोरी. चारी चाकांना लावलं, आतून सुद्धा. खारं वारं लय वाईट."

डिस्क तेलाने चमकत होती.

विनेश केस पुसत चावी घेऊन आला. "मी काशीदपर्यंत जाऊन येतो. गुणाजीकाका आले तर सांग, नाहीये."

मी त्याच्या हातातून चावी काढून घेतली. "गाडी हलवायची नाही. डिस्कला तेल लागलंय, ब्रेक धरणार नाही. मेकॅनिकला बोलावून साफ करून घ्यावं लागेल."

तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, ही होडी न्हाय."

"कळतंय मला. होडीला ब्रेक नसतो."

"अख्खा डबा ओतलात. होडीला काय लावणार आता?"

"तिला कशाला? ती कुठं जातेय?" बाबांनी चिंधीची घडी घातली. "ही फिरते, हिला लावलं."

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. गुणाजी उतरले, पिशवी सावरत आमच्याकडे चालू लागले. विनेशने गाडीकडे पाहिलं, माझ्या मुठीकडे पाहिलं. फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी बाबांसमोर उकिडवा बसला.

"काय सांगू गुणाजीला?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी होडीवर येणार न्हाय. देऊन टाका ती."