शेषाचा फणा आणि एक अक्षर

मंडप केव्हाच भरला होता, माणसं आता रस्त्यावर उभी होती. लातुरात क्लासेसच्या इमारतींमागच्या मोकळ्या प्लॉटवर भूधर महाराजांचं ‘शेषदर्शन’ चाललं होतं. व्यासपीठावर मूर्ती नव्हती. आमच्या वर्गात असतो तसला, बोटानं चालणारा मोठा डिजिटल बोर्ड होता आणि त्यावर एक निळी रेघ चढत गेली होती. महाराजांनी भस्माच्या वाटीत बोट बुडवून आधी रेघेच्या डाव्या टोकावर टेकवलं, तिथं दोनशे उमटले; मग वरच्या टोकावर टेकवलं. टेकवताच तिथं आकडा उमटला. आठशे, आणि त्याला चिकटून इंग्रजी ‘एम’.

मंडपातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

“आठशे मीटर,” महाराज माइकमध्ये हलकेच म्हणाले. “पायाखालची भेग आठशे मीटर खोल गेली. मागच्या आठवड्यात सहाशे होती. हजार झाली की शेष कूस बदलणार. अमावस्येला लातूर ते नांदेड भिंत म्हणून उभी राहणार नाही. सायन्स आता मशीन लावून सांगतंय, मी तर ध्यानातच पाहिलं होतं. ज्याच्या घराच्या चार कोपऱ्यांत आमची अभिमंत्रित कील ठोकलेली असेल, त्याचं घर पाळण्यासारखं हलेल, पण पडणार नाही.”

कील म्हणजे लोखंडी खुंटी. तिला लाल दोरा बांधला की ती अभिमंत्रित होई. व्यासपीठाच्या बाजूला पोती भरून ठेवली होती आणि तिथं विकत घ्यायला रेटारेटी चालली होती.

मी रामलिंग. एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. माझा वर्ग निम्मा रिकामा झाला होता, म्हणून हा प्रकार बघायला आलो होतो. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली आणि आईबाप पोरांना गाठोड्यासकट गावी नेत होते. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. निलंगा-औशाकडच्या गावांत महिनाभर जमिनीतून गूढ आवाज येत होते. ज्यांनी त्र्याण्णवचा भूकंप पाहिला, त्यांना असा आवाज पुन्हा ऐकवत नाही.

गर्दीत माझी विद्यार्थिनी तनुजा दिसली. तिच्या आजीनं, साखराबाईंनी, तिचं मनगट घट्ट धरलं होतं. साखराबाई किल्लारीकडच्या. त्या भूकंपात त्यांची सासू आणि दोन लेकरं गेली. तनुजाचा बाप तेवढा मामाच्या गावी होता म्हणून वाचला.

“सर, मी हिला न्यायला आलेय,” त्या म्हणाल्या. “होस्टेल तीन मजली हाय. मी माती उकरून लेकरं काढलीत. आता पुन्हा न्हाई.”

“साखरामावशी, आठ दिवसांत परीक्षा आहे.”

“परीक्षा पुढच्या वर्षी बी येती. लेकरू येत न्हाई.”

मंडपात बसलेली माणसं खुळी नव्हती. ती भ्यालेली होती, आणि त्यांच्या भीतीला नाव होतं, गाव होतं, तारीख होती.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मुलींच्या होस्टेलमागे एक भरलेला ट्रक मागं घेताना भिंतीला धडकला. खिडक्यांच्या काचा खडखडल्या. कुणीतरी किंचाळलं, “आला.” जिन्यावर पोरी एकमेकींवर कोसळल्या. किनवटहून शिकायला आलेल्या जिक्रानं जिना भरलेला पाहिला आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली उडी टाकली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा पाय मांडीपासून बांधलेला होता. ती छताकडे बघत होती. “सर, मला वाटलं छत खाली येतंय,” ती म्हणाली. “मी उतरायचं बघितलंच नाही. नुसता तो आठशे आकडा डोळ्यांपुढं आला.”

बाहेर बाकावर तनुजा बसली होती, शेजारी साखराबाई. तनुजाच्या हातात मोबाइल होता.

“सर, महाराजांच्या बोर्डावर वरती वेबसाइटचा पत्ता दिसत होता. मी तेच पान उघडलंय.” तिनं रेघेवर बोट टेकवलं. आठशे एम उमटला. दुसऱ्या जागी टेकवलं, सहाशे एम. “माझ्या बोटाला तर भस्म नाही.”

साखराबाईंनी नातीचं बोट उलटंपालटं करून पाहिलं.

“ते ठीक आहे,” मी म्हणालो. “बोट टेकवलं की तिथला आकडा दिसावा, अशीच हे आलेख बनवतात. पण आकडा तर खराच आहे ना?”

“त्याचंच मला कळेना. डाव्या बाजूची पट्टी बघा. दोनशे एम, चारशे, सहाशे, आठशे. आणि त्याच्या वर एक. आठशेच्या वर एक कसा येईल?”

मी पाहिलं. खरंच, सर्वांत वर नुसता एक होता. आठशे मीटरनंतर एक किलोमीटर, असा हिशेब सहज बसत होता. मी तसं बोलून दाखवलं. मलाही भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही.

तनुजानं पान खाली सरकवलं. महाराज बोर्डावर फक्त वरचा भाग मोठा करून दाखवत. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘दोन खांबांमधल्या अंतरातला बदल, मिलिमीटरमध्ये’. आणि पान बनवणाऱ्याचा फोन नंबर.

मी लगेच फोन लावला. मुज्तबा नावाचा तरुण नांदेडहून बोलत होता. इंजिनिअरिंग शिकताना प्रकल्प म्हणून त्यानं हे पान केलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं.

“सर, आकडे छोटे करून दाखव, असं सांगायला मी प्रोग्रॅममध्ये एक अक्षर घातलं होतं,” तो म्हणाला. “हजाराला कसा एक के लिहितात, तसं. पण ते अक्षर एकाहून लहान आकड्यांनाही लागतं. हजाराव्या भागाला ते एम लावतं. तो एम मीटरचा नाही, मिलीचा आहे. शून्य दशांश आठला ते आठशे मिली म्हणतं. लहान आकड्यांचं काय होतंय, ते मी तपासलंच नाही.”

“मग जमीन सरकली किती?”

“शून्य दशांश आठ मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढी. एका गावच्या शाळेच्या मैदानात दोन लोखंडी खांब पुरलेत, त्यांच्यामधलं अंतर मोजतो आम्ही. काळी माती उन्हात आक्रसते, दर उन्हाळ्यात असं होतं. भेग किती खोल आहे हे ते यंत्र मोजतच नाही. मी आत्ता दुरुस्त करतो. आणि उद्या स्वतः येतो.”

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी मंडपात गेलो.

“काल काय होतं?” महाराज विचारत होते.

“आठशे,” गर्दी म्हणाली.

त्यांनी भस्माचं बोट टेकवलं. “आणि आज बघा. शून्य दशांश आठ. तुम्ही घरोघर कीला ठोकल्या आणि शेष हजार पट मागं सरला. पण ज्यांनी ठोकल्या नाहीत, त्यांच्यापायी तो पुन्हा उसळेल. अमावस्या अजून जायची आहे.”

माणसं रडत होती. काल ज्यांचा निर्णय होत नव्हता तेही आज पोत्यांकडे धावले. आमच्या दुरुस्तीचाच त्यानं चमत्कार केला होता. इतका घाबरलेला मी त्याआधी कधी नव्हतो. समोर खरं ठेवलं होतं, आणि खोटं त्याच्यावरच पोसलं जात होतं.

साखराबाई उठल्या. तनुजाचा हात धरून सरळ व्यासपीठावर गेल्या. भूकंपात लेकरं गेलेल्या बाईला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

“महाराज, मला बी शेषाला हात लावू द्या,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत. कोरडं बोट त्यांनी बोर्डावर टेकवलं. आकडा उमटला. मंडपात कुजबुज सुरू झाली.

तनुजानं त्यांचं बोट रेघेच्या डाव्या टोकाला नेलं. “ही मागच्या महिन्याची तारीख आहे,” ती माइकजवळ जाऊन म्हणाली. आवाज कापत होता. “परवा तुम्ही इथं बोट ठेवलं तेव्हा दोनशे आले होते. आज शून्य दशांश दोन दिसतंय. मागच्या महिन्यात गावात एकही कील नव्हती. मग मागच्या महिन्यातला शेष कसा मागं सरला?”

महाराज हसले. “बाळ, काळ शेषाच्या ताब्यात असतो.”

“काळाचं ठाऊक नाही, पण हा आकडा माझ्या ताब्यात आहे,” मागून कुणीतरी म्हणालं. मुज्तबा पोचला होता. तो कठड्यापाशी आला आणि त्यानं लॅपटॉप उघडला. “मी एक अक्षर घालतो. तनुजाताई, पान पुन्हा उघडा.”

तिनं उघडलं. साखराबाईंनी बोट टेकवलं. आठशे एम. काही जण घाबरून उभे राहिले.

“आता अक्षर काढतो.”

शून्य दशांश आठ.

त्यानं पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. एम म्हणजे मिली कसा, ते समजावून सांगितलं आणि चूक आपली होती म्हणून सगळ्यांसमोर माफी मागितली. मग तनुजानं पान खाली सरकवलं, आणि महाराजांनी कधीच न दाखवलेली मिलिमीटरची ओळ सगळ्यांनी वाचली.

महाराज माइक ठेवून मागच्या बाजूला वळले. तिथं जिक्राचे वडील पोलिसांना घेऊन उभे होते. लेकीचा पाय मोडल्याची तक्रार त्यांनी सकाळीच दिली होती.

साखराबाई मात्र व्यासपीठावरच होत्या. “मला भूकंपाचं भ्याव हाय,” त्या लोकांना म्हणाल्या. “ते मरेपर्यंत ऱ्हाईल. पण माझं भ्याव माझं हाय. त्याचा धंदा करायला मी ते कुणाला दिलेलं न्हाई.”

तनुजानं परीक्षा दिली. जिक्राला त्या वर्षी बसता आलं नाही. आठशेच्या आकड्यानं एवढं खरंखुरं नुकसान केलं.

जमिनीतून आवाज का येतात, ते तपासणारे तपासत आहेत. भूकंप अमुक तारखेला येणार, हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो फसवतो. घर मजबूत बांधता येतं, ते लोखंडी खुंटीनं नाही, नीट पाया घालून आणि चांगलं बांधकाम करून. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवता येते. आणि कुणी आकडा दाखवून घाबरवू लागला, मग त्याच्या हातात पोथी असो की संगणक, तर त्याला विचारता येतं की बाबा, हे मोजलं कुणी, आणि कशात मोजलं? घाबरलेल्या माणसालाही हे विचारता येतं. तनुजाचा आवाज कापत होता, तरी तिनं विचारलं.