उमललेली अळिंबी

छोटी आत किती वाजता शिरली होती, एवढंच ताईला हवं होतं, आणि छोटी नेमकं तेवढंच सांगत नव्हती.

“गेले असेन थोडा वेळ.”

“थोडा म्हणजे किती?”

“ताई, मी अळिंबी काढत होते, दरोडा नव्हते घालत.”

एरवी ताई हसली असती. आज ती तळघराच्या दाराशी हातात रिकाम्या टोपल्या घेऊन गार पडून उभी होती. सकाळी माल पोचवायला निघताना तिनं या दाराला कुलूप लावलं होतं. पण किल्लीची जागा दोघींनी मिळून ठरवलेली. घरच्या चोराला कुलूप कसलं अडवतंय?

चार वर्षं झाली, दोघी बहिणी या तळघरात धिंगरी अळिंबी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची मशरूम, पिकवत होत्या. गव्हाचा भुसा भिजवायचा, त्यातली नको ती बुरशी मरावी म्हणून कढत पाण्यात ठेवायचा, निथळला की पिशवीत थर देत भरायचा आणि थराथरावर बियाणं पसरायचं. अठरा-वीस दिवस अंधार. पांढरे धागे भुशात मुरून पिशवी घट्ट झाली की प्लास्टिक फाडायचं, मग दिवसातून चारदा फवारा, थोडा उजेड आणि पंख्यानं खेळवलेली भरपूर मोकळी हवा. हवा कोंडली तर अळिंबी लपवत नाही, देठ लांबच लांब होतात आणि वरची छत्री बटणाएवढी राहते. तशी दिसली की ताई हळहळायची, “बिचारी गुदमरली गं!” अळिंबीच्या श्वासाची एवढी काळजी, आणि घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार.

छोटीला गेले चार महिने ताप येत होता. तोडणीच्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी, कोरडा खोकला, छातीवर दडपण. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणठणीत. ओल्या खोलीत राबून सर्दी होते, असं ताईनं परस्पर ठरवून टाकलं आणि काढे पाजले. मागच्या आठवड्यात जिना चढता चढता छोटी मध्येच मटकन बसली, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला, दोघी काय काम करतात ते ऐकलं आणि भलताच प्रश्न विचारला. “अळिंबी कधी तोडता?”

“पूर्ण उमलली की,” ताई म्हणाली. “हॉटेलच्या आचाऱ्याला पंजाएवढी लागते.”

इथंच माती खाल्ली होती. अळिंबी तोडायची ती छत्रीची कड खाली वळलेली असतानाच. एक दिवस जास्त ठेवली की कड सपाट होते आणि खालच्या पदरांतून बीजाणू झडायला लागतात, पिठाहून बारीक, कोट्यवधी. फळ्यांवर साचणारी ती पांढरी भुकटी दोघी फडक्यानं पुसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. तीच श्वासावाटे छोटीच्या छातीत उतरत होती.

“मास्क लावायचात ना?” डॉक्टरीणबाईंनी छोटीला विचारलं.

छोटीनं ताईकडं पाहिलं. “लावायचे. पण पिशवीला नाक लावून वास घ्यावा लागतो ना. आंबूस आला की ती पिशवी बाहेर. मास्कमधून कळत नाही. ताईनं शिकवलंय.”

हो, ताईनंच शिकवलं होतं. मास्क हनुवटीखाली ओढून, एकेका पिशवीवर वाकून. तुझं नाक माझ्यापेक्षा तिखट, असं वर कौतुकही केलं होतं.

“अजून सावरता येईल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण आता एकदाही आत जायचं नाही. हा त्रास लगेच दिसत नाही, चार ते आठ तासांनी उसळतो. पुन्हा झाला तर किती वाढेल, मी सांगू शकत नाही. श्वास मोजा. मिनिटाला तिसाच्या वर गेले की थांबू नका, इकडं आणा.”

आणि आज ही आत.

“सांग गं,” ताई म्हणाली. “किती वाजता?”

“आठला. तू गेल्या गेल्या.” छोटीची मान खाली गेली. “अकरापर्यंत. सगळी उमलून बसली होती. एकटीनं कधी काढणार होतीस तू? आणि... पंखा बंद केला होता. भुसा सुकत होता.”

साडेअकरा झाले होते. ताईनं बोटांवर मोजलं. म्हणजे बारापासून संध्याकाळी सातपर्यंत कधीही.

तिनं छोटीला न्हाऊ घातलं, लहान असताना घालायची तसं खसाखसा. कपडे साबणात बुडवले. छातीत गेलेलं साबणानं निघत नाही, हे तिलाही कळत होतं. बारा वाजले, काही नाही. ताईनं छोटीला जेवायला वाढलं आणि स्वतः घड्याळासमोर बसली. एकला छोटी पत्ते घेऊन बसली आणि उघड उघड लबाडी करून जिंकली.

“भांड ना माझ्याशी,” ती म्हणाली. “गप्प बसलीस की भीती वाटते.”

ताई भांडली नाही. आई गेली तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती, तेव्हा निदान स्वतःच्या हातून काही घडलेलं नव्हतं. दोनला छोटी खोकली. ताई ताडकन उठली. नुसता ठसका निघाला.

साडेतीनला खिडकीतलं ऊन पलंगभर पसरलं होतं. त्या उन्हात छोटी म्हणाली, “ताई, पांघरूण दे गं. गार वाटतंय.”

ताईनं घड्याळ समोर धरलं आणि छोटीच्या पाठीवर हात ठेवला. सव्वीस. पांघरुणावर पांघरूण घातलं, तरी दात वाजतच होते. पुन्हा मोजले, अठ्ठावीस.

“मोजताना असं तोंड नको करूस, हसू येतं,” छोटी म्हणाली, पण ते चार तुकड्यांत.

एकतीस. ताई अनवाणीच शेजारच्या ड्रायव्हरच्या दारावर जाऊन आदळली. ते भले गृहस्थ बनियनवरच गाडी काढून आले.

दवाखान्यात छोटीच्या तोंडावर ऑक्सिजन लावला, हातात सुई टोचली. नखं निळसर झाली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि त्यानंच ताईचं उरलंसुरलं धैर्य गेलं. पाठ तपासून त्या एवढंच म्हणाल्या, “रात्रभर बघू या.”

छोटीनं नळीचा मास्क वर उचलला. “शेवटच्या तीन रांगा... राहिल्यात. वाया जातील.”

“जाऊ देत.”

“तू... रागावलीस?”

ताईनं तो मास्क तिच्या नाकातोंडावर दाबून बसवला आणि वरून हात तसाच ठेवला. “काढायचा नाही हा. मी सांगितलं तरी काढायचा नाही.”

छोटीनं डोळे मिटले. ताईनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली. चौतीस. मिनिट संपलं, तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पस्तीस.